‘हरित’ म्हणण्याआधी द्रावक मोजा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बहुघटक अभिक्रियांची, म्हणजे तीन किंवा अधिक द्रव्ये एकाच भांड्यात एकत्र करून एक रेणू बांधण्याची, ओळख करून देणारा लेख वाचला. मराठी दैनिकात सेंद्रिय संश्लेषणावर असे लिहिले जाते याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. पण लेखातली दोन विधाने विद्यार्थ्यांच्या मनात तशीच राहू नयेत म्हणून हे पत्र. एक, ही पद्धत नवी आहे. आणि दुसरे, तीन-चार द्रव्ये एकाच फ्लास्कमध्ये टाकली की प्रक्रिया आपोआप ‘हरित’, म्हणजे पर्यावरणाला कमी अपाय करणारी, होते. पहिले विधान चूक आहे. दुसरे अर्धवट आहे आणि ते जास्त नुकसान करते, कारण आज एम.एस्सी.च्या प्रकल्पांपासून पीएच.डी.च्या प्रबंधांपर्यंत ते न तपासता लिहिले जाते.

आधी नवेपणाचे पाहू. ज्या कड्यात कार्बनच्या जोडीला नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाचा अणू बसलेला असतो ती विषमचक्रीय संयुगे. ती एका झटक्यात बांधण्याची रीत एकोणिसाव्या शतकातली आहे. हान्ट्झ यांनी १८८१ च्या सुमारास आल्डिहाइड, दोन रेणू ॲसिटोॲसिटिक एस्टर आणि अमोनिया यांच्यापासून डायहायड्रोपिरिडिन तयार केले. पिएत्रो बिजिनेल्ली यांनी १८९१ मध्ये आल्डिहाइड, एथिल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया एकत्र उकळून डायहायड्रोपिरिमिडिनोन मिळवले. रॉबिन्सन यांचे ट्रोपिनोन १९१७ चे, उगी यांची चार घटकांची अभिक्रिया १९५९ ची, आणि कीटोन, सक्रिय नायट्राइल व साधे गंधक यांच्यापासून अमिनोथायोफिन देणारी गेवाल्ड अभिक्रिया १९६६ ची.

यातल्या हान्ट्झ अभिक्रियेशी आपल्या बहुतेक वाचकांचा नकळत संबंध आलेला असतो. रक्तदाबावरचे निफेडिपिन हे सरळ हान्ट्झ उत्पादन आहे: ऑर्थो-नायट्रोबेंझाल्डिहाइड, मिथाइल ॲसिटोॲसिटेटचे दोन रेणू आणि अमोनिया. हा रेणू उजेडात टिकत नाही. प्रकाशाने कड्यातले हायड्रोजन जातात, नायट्रो गटाचा नायट्रोसो होतो, म्हणून त्याचे सगळे काम अंबर काचेत आणि मंद उजेडात करावे लागते. ॲम्लोडिपिनची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याच्या कड्याच्या दोन बाजू वेगळ्या आहेत, एकीकडे मिथाइल एस्टर आणि दुसरीकडे एथिल. दोन वेगवेगळे ॲसिटोॲसिटेट, आल्डिहाइड आणि अमोनिया एकदम एका भांड्यात टाकले तर हव्या असलेल्या रेणूबरोबर दोन सममित रेणूही तयार होतात आणि तिघांना वेगळे करताना नाकी नऊ येतात. म्हणून मिथाइल ३-अमिनोक्रोटोनेट आधी वेगळे तयार करून मग ऑर्थो-क्लोरोबेंझाल्डिहाइड आणि दुसऱ्या एस्टरशी जोडले जाते, आणि त्या एस्टरवरचा अमिनो गट तोवर थॅलिमाइडच्या रूपात झाकून ठेवलेला असतो. म्हणजे ‘सगळे एकत्र टाका’ ही रीत कुठे चालते आणि कुठे थांबवावी लागते, हे रेणूची सममितीच सांगते. लेखात हा मुद्दा यायला हवा होता.

आता मुख्य गोष्ट, हरितपणाचा हिशेब. त्यासाठी बिजिनेल्ली अभिक्रिया घेऊ. पदवीच्या प्रयोगशाळेत सुरक्षितपणे करता येते आणि तिचे आकडे कोणालाही पडताळता येतात.

५० मिलीच्या राउंड बॉटम फ्लास्कमध्ये २.१२ ग्रॅम बेंझाल्डिहाइड (२० मिलिमोल), २.६० ग्रॅम एथिल ॲसिटोॲसिटेट (२० मिलिमोल), १.८० ग्रॅम युरिया (३० मिलिमोल, म्हणजे दीडपट) आणि १० मिली इथेनॉल घ्यावे. त्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब टाकून, कंडेन्सर लावून पाण्याच्या तापकावर दोन ते तीन तास रिफ्लक्स करावे, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असे उकळत ठेवावे. युरिया गरम झाल्यावर विरघळतो. पुढे पांढरा घन पदार्थ खाली बसू लागतो. फ्लास्क बर्फात ठेवून घन गाळावा, २० मिली थंड पाण्याने आणि मग ५ मिली बर्फासारख्या थंड इथेनॉलने धुवावा, ६०–७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा. सैद्धांतिक उत्पन्न ५.२१ ग्रॅम. नीट काम केले तर ४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ७७ टक्के हातात येते. वितळणबिंदू २०२ ते २०४ अंश सेल्सिअस.

हा प्रयोग बिघडतो तो बहुधा चार-दोन ठरावीक कारणांनी. सगळ्यात मोठे कारण जुने बेंझाल्डिहाइड. बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक दिसले की समजावे, हवेने त्याचे बेंझोइक आम्ल झालेले आहे. मग आपण मोजलेले २.१२ ग्रॅम हे २० मिलिमोल उरत नाही, आणि वर ते आम्ल उत्पादनात मिसळून वितळणबिंदू खाली आणते. दहा टक्के सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, सुकवून, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केले की बेंझाल्डिहाइड पुन्हा वापरण्याजोगे होते. दुसरे कारण युरिया. तो जादा घेतलेला असतो, आणि पाण्याने धुण्यात कंजुषी केली तर उत्पादनातच राहतो. गंमत अशी की टीएलसीवर (शुद्धता पाहण्याच्या पातळ थराच्या पट्टीवर) तो अतिनील दिव्याखाली दिसत नाही, त्यामुळे ठिपका एकच दिसतो आणि विद्यार्थी उत्पन्न नव्वद टक्क्यांवर लिहून मोकळा होतो. डीएमएसओ या द्रावकात एनएमआर (रेणूतले हायड्रोजन शिखरांच्या रूपात दाखवणारा वर्णपट) घेतला तर ५.५ च्या आसपास रुंद शिखर उमटते, तो युरिया. उत्पादनाच्या दोन एन-एच ची शिखरे ९.२ आणि ७.७ च्या जवळ असतात, आणि कड्यातल्या एकट्या हायड्रोजनचे ५.१५ ला. याच पटावर १.९९ ला टोकदार एकेरी शिखर दिसले तर, माल इथाइल ॲसिटेटने काढला असल्यास, ते अजून सुकलेले नाही आणि उत्पन्नाच्या आकड्यात त्याचेही वजन मोजले गेले आहे.

तापमान जास्त झाले किंवा आम्ल कमी पडले तर युरियाचे थोडे विघटन होऊन अमोनिया सुटतो. अमोनिया आला की त्याच फ्लास्कमध्ये हान्ट्झची अभिक्रिया सुरू होते आणि फिकट पिवळे डायहायड्रोपिरिडिन तयार होते. पांढऱ्याऐवजी पिवळसर घन मिळाला तर आधी हा संशय घ्यावा. आल्डिहाइड बदलतानाही सावध असावे: सॅलिसिलाल्डिहाइड घेतले तर शेजारचा फिनॉल गट आत वळून कड्याला जोडला जातो आणि ऑक्सिजनचा पूल असलेला वेगळाच रेणू मिळतो. त्याला बिजिनेल्ली उत्पादन समजून अहवाल लिहू नये. मुळात युरिया आणि आल्डिहाइड आधी एकत्र येतात, त्यातून तयार होणाऱ्या एन-ॲसिलइमिनियम आयनावर मग ॲसिटोॲसिटेट हल्ला करते, हे काप्पे यांनी १९९७ मध्ये दाखवले. हा क्रम लक्षात ठेवला तर कोणता घटक बदलल्यावर काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

वडोदऱ्यात आणखी एक अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीच कोमट येते, कंडेन्सर इथेनॉलची वाफ धरत नाही, दोन तासांत फ्लास्क कोरडा पडतो आणि तळाला तपकिरी थर बसतो. उपाय सोपा आहे: बादलीत बर्फाचे पाणी आणि कूलरचा छोटा पंप. तेच पाणी कंडेन्सरमधून फिरत राहते. हिशेबालाही हे महत्त्वाचे. नळाचे पाणी मिनिटाला एक लिटर या वेगाने तीन तास सोडले तर एका फ्लास्कमागे १८० लिटर गटारात जाते, वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे ३,६०० लिटर. ‘पाण्याची बचत करणारी हरित अभिक्रिया’ असे लिहिलेल्या एकाही अहवालात हे पाणी मोजलेले आम्हाला दिसले नाही.

आता हिशेब. तिन्ही द्रव्यांच्या रेणुभारांची बेरीज २९६.३, उत्पादनाचा रेणुभार २६०.३, बाकी पाण्याचे दोन रेणू. अणुकार्यक्षमता, म्हणजे द्रव्यांच्या रेणुभारापैकी उत्पादनात उतरणारा वाटा, ८८ टक्के. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हाच आकडा ठळक छापला जातो. तो खरा आहे, पण तो कागदावरच्या समीकरणाचा आकडा आहे. टेबलावर काय वापरले याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. त्यासाठी शेल्डन यांचा ई-घटक वापरावा: एक ग्रॅम मालामागे किती ग्रॅम कचरा.

वर दिलेल्या कृतीत तीन द्रव्ये ६.५ ग्रॅम, इथेनॉल एकूण १५ मिली म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, आम्ल पाव ग्रॅम. माल ४ ग्रॅम. पाणी सोडून कचरा साडेचौदा ग्रॅम, ई-घटक ३.६. तोच प्रयोग आता अनेक प्रबंधांत लिहिलेला असतो तसा करू. अभिक्रिया संपल्यावर इथाइल ॲसिटेटने २५ मिलीचे तीन वॉश: ६७ ग्रॅम. सोडियम सल्फेट ५ ग्रॅम. मग माल शुद्ध करायला ६० ग्रॅम सिलिका भरलेली नळी, म्हणजे कॉलम, आणि त्यातून हेक्झेन–इथाइल ॲसिटेटचे ७:३ मिश्रण अर्धा लिटर: सुमारे ३६५ ग्रॅम. माल तेवढाच ४ ग्रॅम धरला, तरी ई-घटक १२८ च्या आसपास जातो. अणुकार्यक्षमता मात्र दोन्ही वेळा तीच, ८८ टक्के. एकच अभिक्रिया, एकच फ्लास्क, आणि कचऱ्यात पस्तीसपट फरक. तो सगळा फरक अभिक्रिया संपल्यानंतरच्या तासाभरातला आहे.

म्हणून शोधनिबंध किंवा प्रबंध तपासताना आम्ही आधी उत्पन्नाचा तक्ता पाहत नाही, वर्कअप, म्हणजे अभिक्रियेनंतर माल वेगळा करण्याची रीत, पाहतो. माल गाळून मिळाला की कॉलमने? कॉलम लावावा लागला असेल तर बहुघटक अभिक्रियेचा अर्धा फायदा तिथेच संपला. बिजिनेल्लीची उत्पादने साधारणपणे आपणहून खाली बसतात. ती बसत नसतील तर द्रावक जास्त झाला आहे. तो थोडा उडवावा, काचेच्या कांडीने फ्लास्कची भिंत घासावी, रात्रभर थंडीत ठेवावे, आणि तरीही जमले नाही तरच सिलिकाकडे वळावे.

उत्प्रेरकांबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. या एका अभिक्रियेसाठी नॅनोकण, आयनिक द्रव, मातीवर बसवलेली आम्ले असे इतके उत्प्रेरक सुचवले गेले आहेत की नवा उत्प्रेरक हीच एक ठरीव प्रबंध-पद्धत होऊन बसली आहे. ज्या तक्त्यात उत्प्रेरकाशिवायचा प्रयोग नाही, त्या तक्त्याला अर्थ नाही. तेच तापमान, तेवढाच वेळ, तोच फ्लास्क, फक्त उत्प्रेरक नाही: हा प्रयोग आधी करावा. पुनर्वापराच्या आकड्यांत याहून मोठी गफलत असते. अभिक्रिया एका तासात पूर्ण होत असताना प्रत्येक फेरीला चार तास दिले तर उत्प्रेरकाची निम्मी ताकद गेली तरी पाचव्या फेरीला उत्पन्न तेवढेच दिसेल. पुनर्वापर तपासायचा तर अभिक्रिया निम्म्यावर असताना थांबवून मोजावे. धातूचा उत्प्रेरक असेल तर निम्म्यावर गरम असतानाच गाळून नुसते गाळलेले द्रावण पुढे तापवावे. अभिक्रिया चालूच राहिली तर धातू द्रावणात उतरला आहे, आणि घन उत्प्रेरकाचा दावा टिकत नाही.

‘द्रावकविरहित’ या शब्दाचाही असाच मोह पडतो. खलबत्त्यात एक ग्रॅम घोटणे ठीक. पण दुसऱ्या काही बहुघटक अभिक्रियांतली आल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल यांची पहिली पायरीच उष्णता सोडते, आणि ती शोषून घ्यायला द्रावक नसेल तर शंभर ग्रॅमवर लगदा मधोमध तापतो, ढवळणी अडकते आणि तापमापी बाजूचे, थंड भागाचे तापमान दाखवत राहते. शिवाय मॅलोनोनायट्राइल शरीरात जाऊन सायनाइड सोडते, त्वचेतूनही. ३२ अंशांवर ते वितळते, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटलीत द्रवच असते. पदवीच्या मुलांच्या हातात ते देऊ नये. घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये इथेनॉल घालून केलेले प्रयोग तर पूर्णपणे बंद व्हावेत. आत ठिणगी पडण्याची शक्यता असते, वाफेला वाट नसते, आणि ‘८०० वॅट, ३ मिनिटे’ या नोंदीवरून दुसऱ्या कोणालाही तेच तापमान मिळवता येत नाही. आणि ‘पाण्यात केली’ म्हणून एखादी अभिक्रिया हरित ठरवण्यापूर्वी त्या पाण्यात काय विरघळून गेले ते पाहावे. वापरलेले इथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळते. सेंद्रिय द्रव्ये विरघळलेले रंगीत पाणी स्वच्छ करणे त्याहून कितीतरी कठीण जाते.

हे आम्ही वडोदऱ्यातून लिहितो आहोत याला कारण आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली, तिथे त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगांचे रसायनशास्त्र शिकवले, १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायन-औषध कंपनी सुरू झाली. आज नंदेसरीपासून पादऱ्यापर्यंत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत, आणि त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून जंबुसर तालुक्यात मही नदीच्या मुखाकडे जाते. आमच्या वर्गांतली मुले याच कारखान्यांत नोकरीला लागतात. प्रयोगशाळेत जर त्यांनी अर्धा लिटर हेक्झेन न लिहिता वापरायची सवय लावून घेतली, तर कारखान्यात हजार लिटरच्या रिॲक्टरपाशी ती सवय सुटायला फार वेळ लागतो.

आणि हिशेब ठेवणे जमत नाही असे नाही, कारण एका द्रावकाचा आपण ठेवतोच. गुजरातेत दारूबंदीमुळे प्रयोगशाळांना इथेनॉल परवान्यावरच मिळते. किती आले, कोणी किती घेतले, किती शिल्लक, सगळे नोंदवहीत लिहावे लागते. त्याच कपाटात शेजारी ठेवलेल्या हेक्झेन, इथाइल ॲसिटेट आणि डायक्लोरोमिथेनला मात्र नोंदवही नाही. उलट इथेनॉलचा कोटा पुरवायचा म्हणून मिथेनॉलकडे वळण्याचा मोह होतो. एथिल ॲसिटोॲसिटेट मिथेनॉलमध्ये आम्लाबरोबर उकळले तर थोडा मिथाइल एस्टर मिसळण्याची शक्यता असते, आणि मग वितळणबिंदू का जुळत नाही हे कोणाला कळत नाही. मिथेनॉलच वापरायचे असेल तर मिथाइल ॲसिटोॲसिटेट घ्यावे.

विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांना आमची विनंती अशी की एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत एक बहुघटक अभिक्रिया सक्तीची असावी, आणि तिच्या गुणांपैकी निम्मे गुण उत्पन्नाला न देता वस्तुमानाच्या ताळेबंदाला द्यावेत: आत गेलेले सगळे द्रावक, धुण्याचे पाणी, सिलिका, कंडेन्सरचे पाणी. उत्पन्न साठ टक्के आले पण सगळे मोजले, त्या विद्यार्थ्याला नव्वद टक्केवाल्यापेक्षा जास्त गुण मिळावेत. पीएच.डी.च्या प्रबंधात उत्प्रेरकाशिवायचा प्रयोग आणि एका तरी संयुगाचा पूर्ण ई-घटक असल्याशिवाय शीर्षकात ‘हरित’ शब्द वापरू देऊ नये. टाकाऊ द्रावकांसाठी क्लोरीनयुक्त आणि क्लोरीनविरहित अशा दोन वेगळ्या बाटल्या प्रत्येक टेबलाजवळ असाव्यात; डायक्लोरोमिथेन एकदा इथाइल ॲसिटेटमध्ये मिसळले की दोन्ही सहज परत मिळवता येत नाहीत.

आणि इथेनॉलच्या नोंदवहीत जे रकाने आहेत तेच प्रत्येक द्रावकाला लावावेत. तारीख, नाव, घेतलेले मिली, परत आलेले मिली. पुढच्या सत्रापासून सुरुवात करायला नवी वही सोडून दुसरा खर्च नाही.

आपले विश्वासू,
रसायनशास्त्राचे काही अध्यापक,
वडोदरा